राणी न झालेली निरगुडी

नाशिकहून लासलगावमार्गे येवल्याला जाणाऱ्या एस.टी.त संजना गांगुर्डे कंडक्टर असली, की दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं न सांगता आत सरकायची. ती ओरडायची नाही. ‘चला, मधे सरका, मागं अख्खी बस मोकळी आहे,’ एवढंच म्हणायची. पण असं म्हणायची, की ऐकणाऱ्याला आपण आपल्याच अकलेनं सरकलो असं वाटावं. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवलेला असायचा, गाडी जागची हलायची नाही, आतली माणसं तापायची. तेव्हा संजना इंजिनाशेजारी उभी राहून कुणाच्या तरी गावची, कुणाच्या तरी सासूची एखादी हकीकत सुरू करायची. गाडी कधी सुटली हे मग पुष्कळांना कळायचंही नाही.

उंच, सावळी, चाळिशीला टेकलेली बाई. लग्न झालं होतं, मोडलं. ‘जमलं नाही, सोडलं,’ एवढ्यावर ती तो विषय मिटवायची आणि पुढच्या माणसाला तिकीट द्यायची. नाशिक रोडला, जेल रोडच्या कॉलनीत ती आईवडिलांकडे परत आली, एस.टी.ची परीक्षा दिली आणि खाकी चढवली. शेजारणींनी आधी नाकं मुरडली, मग वर्षभरात सरळही केली. कारण पैठणी घ्यायची तर येवल्याच्या विणकराच्या थेट घरात नेणारी ओळख फक्त संजनाकडे होती.

तिचे वडील धम्मपाल गांगुर्डे, घरात अण्णा. दीक्षेच्या पुढच्याच वर्षी जन्माला आले, म्हणून आजोबांनी हौसेनं हे नाव ठेवलं, आणि अण्णांनी ते नाव जन्मभर अंगावरच्या इस्त्रीच्या शर्टासारखं जपलं. नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी करून ते निवृत्त झाले होते. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, कॉलनीतल्या विहारात ग्रंथवाचन करायचं ते त्यांनीच. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि मतं त्याहून स्वच्छ. त्यांच्या घरात चमत्काराला थारा नव्हता. टीव्हीवर एखादा देव किंवा राक्षस हवेत उडाला, की ते रिमोट उचलायचे. संजना लहान असताना एका मावशीनं तिला पऱ्यांचं पुस्तक भेट दिलं होतं. ते त्यांनी चहा पाजून, आभार मानून परत केलं होतं.

‘आपल्याला बांधून ठेवायला दोरखंड लागलेच नाहीत,’ ते म्हणायचे. ‘गोष्टी पुरल्या.’

आई कलाबाई मात्र येवल्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्याकडे गोष्टींची पोतडी होती. अण्णा ड्यूटीवर गेले, की ती भाकऱ्या थापता थापता पोतडी सोडायची. पाण्यातल्या आसरा, बोलणारं जातं, सात भावांची बहीण. संजना चुलीपाशी, पुढं गॅसपाशी बसून ऐकायची. अण्णांच्या स्कूटरचा आवाज आला, की गोष्ट जिथं असेल तिथं थांबायची. त्यामुळं संजनाला लहानपणी गोष्टींचे शेवट फारसे ऐकायला मिळालेच नाहीत. ते ती स्वतःच रचायची.

लिहायला मात्र ती लागली फार उशिरा, आणि त्याला कारण झाली एक पाटी.

चार-पाच वर्षांमागे ती आईला घेऊन मामाच्या गावी जत्रेला गेली. गावाबाहेर एक बारव होती, खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची जुनी विहीर. तिची कथा सगळ्या गावाला पाठ. बारव खणली, पाणी लागेना. पाटलाच्या स्वप्नात दृष्टान्त झाला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली एक पोर हळदीकुंकू लावून, हिरवा चुडा भरून खाली उतरवली आणि पाणी चढलं. तेव्हापासून काठावर तिच्या नावानं शेंदराचा दगड होता. वर्षातून एकदा जत्रा, आणि पहिल्या नारळाचा मान ज्या घरातून पोर नेली त्या घराला, म्हणजे कलाबाईच्या माहेराला. घर बौद्ध झालं, पण मान काही सुटला नव्हता. अण्णा याच कारणानं सासुरवाडीच्या जत्रेला कधी गेले नाहीत. ‘जिला बुडवलं तिलाच शेंदूर फासला, आणि आपण त्याला मान म्हणतो,’ एवढं बोलून ते पेपर उघडायचे.

त्या वर्षी बारवेवर नवी पाटी लागली होती, निळ्यावर पांढरी अक्षरं. ‘गावाला पाणी मिळावे म्हणून या मातेने स्वखुशीने आपले प्राण अर्पण केले.’

संजनानं पाटी वाचली. पुन्हा वाचली. मामा सावळीराम नारळाची शेंडी काढत शेजारी उभा होता.

‘मामा, हिचं नाव काय होतं?’

‘आई म्हनत्यात सगळे.’

‘ते नंतर. त्याच्या आधी?’

‘आता ते कोनाला ठावं? लय जुनी गोष्ट हे.’

‘नाव कुणाला ठाऊक नाही. मग ती स्वखुशीनं उतरली हे कुणाला ठाऊक?’

सावळीराम हसला. ‘पेंटरला ठावं आसंल. त्यानंच लिव्हलं.’

परतीच्या गाडीत त्या दिवशी संजना कंडक्टर नव्हती, खिडकीशी बसलेली प्रवासी होती. विंचूर मागं पडलं तरी ती मनात ती पाटीच वाचत होती. कलाबाईनं तिच्याकडं दोनदा पाहिलं आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, ‘माझी आजी सांगायची ना, तेव्हा तिच्या गोष्टीत ती पोर रडायची गं. हात धरून ठेवायची आईचा. तेवढा भाग आजी हळू आवाजात सांगायची, ओट्यावरच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.’

संजनानं तिथंच फोन काढला आणि लिहायला सुरुवात केली.

पण बारवेवर लिहिलं नाही. या गावात, या पाटलाच्या, या देवीच्या कथेला हात लावला तर लोक आधी जात विचारतील आणि मग गोष्ट ऐकतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं, एस.टी.त माणसं जवळून कळतात. म्हणून तिनं कुठल्याच नकाशात नसलेलं एक राज्य उभं केलं. सातपाट त्याचं नाव. सात तळी आणि त्यांतून निघालेले सात पाट. राज्य पाटधन्यांच्या घराण्याचं, कारण पाणी फक्त त्यांच्या रक्ताचं ऐकतं अशी सगळ्यांची श्रद्धा. दर उन्हाळ्यात राजा बांधावर उभा राहून एक मंत्र म्हणायचा आणि तळ्याचे दगडी दरवाजे आपोआप उघडायचे. नवं तळं बांधायचं झालं, की बांधाच्या पायात एक मुलगी चिणायची. तिला ‘भरणी’ म्हणायचं. चिणून झालं, की तिचं देऊळ, तिला चांदीचे डोळे, तिची जत्रा.

आठव्या तळ्यासाठी निवडली गेली निरगुडी. पाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथं पाणी पोचतच नाही त्या वस्तीतली, कडू बोलणारी, कुणाला न आवरणारी पोर. तिला पायात उतरवतात, पण एका जुन्या मोरीतून ती जिवंत निसटते आणि जमिनीखालच्या पाण्यापर्यंत जाते. तिथं तिला पाणी बोलताना ऐकू येतं. नीट कान दिल्यावर कळतं, की पाणी नावं घेतंय. चिणलेल्या सगळ्या मुलींची. आणि राजा पिढ्यान्‌पिढ्या जो मंत्र म्हणत आला तो मंत्र नाहीच. पहिल्या मुलीचं नाव आहे ते, उच्चार झिजून झिजून मंत्रासारखं झालेलं. पाणी रक्ताला ओळखत नव्हतं. ते त्या नावाला ओ देत होतं.

येवल्याच्या स्टँडवर गाडी थांबायची तेवढ्या वेळात, आणि सुट्टीच्या सकाळी, ती हे फोनवर लिहायची आणि गोष्टींच्या एका ॲपवर टाकायची. नाव तिनं स्वतःचंच दिलं होतं, पण ते आपल्या कंडक्टरचं आहे हे कुणाच्या ध्यानात यावं? हळूहळू वाचणारे वाढले. एकदा निफाडला चढलेल्या दोन मुली तिच्याच पुढ्यात भांडल्या. निरगुडीनं पाटधन्यांच्या राजपुत्रावर विश्वास ठेवावा की नाही, यावरून. संजनानं दोघींना तिकिटं दिली आणि म्हणाली, ‘ठेवणार नाही ती.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘मीच नाही ठेवू देणार ना.’

मुलींची तोंडं उघडीच राहिली. त्या दिवसापासून गाडीत लोक तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. संजनाला ते आवडलं. उगाच लाजली-बिजली नाही.

घरी मात्र अण्णांना पत्ता नव्हता. लपवायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. सांगायचा मुहूर्त लागत नव्हता एवढंच. शेवटी ते बाहेरून कळलं. विहाराच्या पायरीवर प्रेसमधले एक जुने सहकारी अण्णांना म्हणाले, ‘जय भीम, साहेब. तुमच्या संजनाची गोष्ट आमची सून वाचते. काय ते राजे, काय त्या देवी! वा!’

अण्णा घरी आले ते चपला न काढताच आत आले. कलाबाईनं ओळखलं, आज काहीतरी बिनसलंय.

‘देवी?’ त्यांनी संजनाला विचारलं. ‘माझ्या घरात बसून तू देवींच्या गोष्टी लिहितेस?’

‘लिहिते.’

‘बारा बलुत्यांतून, वेशीवरच्या येसकरकीतून, त्या नारळाच्या मानातून आपण बाहेर पडलो ते कशासाठी? राजे, मंत्र, चमत्कार... हे सगळं ज्यांचं आहे त्यांनी लिहावं. आपण खरं लिहावं.’

‘अण्णा, खरं लिहून बारवेवरची ती पाटी निघाली असती तर मी खरंच लिहिलं असतं,’ संजना म्हणाली. ‘गोष्टींनी बांधलं म्हणता ना तुम्ही? मग गाठ कुठं मारली आहे ते गोष्टीतच शिरून बघावं लागेल. तुम्ही रिमोटनं टीव्ही बंद करता. शेजारच्या घरात तो चालूच असतो.’

‘वाद नको घालू.’

‘वाद नाही घालत. ऐका म्हणते. तुम्ही सगळ्या कॉलनीला वाचून दाखवता, तुम्हाला कुणी वाचून दाखवलंय का कधी?’

कलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि ती हळूच म्हणाली, ‘चपला तरी काढा.’

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी गॅलरीत सतरंजी टाकली गेली. अण्णा भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसले. विहारात बसतात तसेच. संजनानं फोनवरून वाचायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ते ऐकून नुसते उठून गेले. दुसऱ्या सुट्टीला त्यांनी स्वतःच सतरंजी आणली. तिसऱ्या बैठकीला, निरगुडीच्या जन्माचं प्रकरण चाललं असताना, त्यांनी डोळे उघडले.

‘थांब. हे काय? खांद्यावर निळी खूण?’

‘पाण्याच्या थेंबासारखी. अंधारात चमकते. तिच्यात काहीतरी विशेष आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून.’

‘म्हणजे जन्मानंच ठरलं की सगळं.’

संजनानं फोन खाली घेतला.

‘राजा म्हणतो, माझ्या रक्तात आहे. तू म्हणतेस, हिच्या खांद्यावर आहे. फरक काय राहिला?’ अण्णांचा आवाज चढला नव्हता. ते खरोखरच विचारत होते. ‘तिच्या शेजारच्या झोपडीतल्या पोरीच्या खांद्यावर खूण नसेल, तर तिनं काय करायचं? चिणून घ्यायचं?’

खाली भाजीवाल्याची हाक आली, कलाबाई उठून गेली. संजना फोनकडं बघत राहिली. इतक्या लोकांनी वाचलं होतं, इतक्यांनी वाहवा केली होती, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. तिच्या स्वतःच्याही नाही. जे राज्य मोडायला ती निघाली होती, त्याचाच एक चिरा तिनं आपल्या हातानं नायिकेच्या अंगात बसवला होता. तिला आधी राग आला, मग हसू आलं.

‘अण्णा, तुम्ही पऱ्यांचं पुस्तक परत करायला नको होतं. चांगले वाचक झाला असता.’

‘खूण काढतेस का?’

‘काढते.’

आणि तिनं ती काढली. सगळी प्रकरणं मागं जाऊन उसवली, खूण जिथं जिथं आली होती तिथून काढली. आता निरगुडी मोरीतून निसटायची ती खुणेच्या जोरावर नाही. लहानपणापासून पाटाच्या टोकाला गाळ उपसून उपसून तिला दगडातली फट कुठं असते ते कळत होतं, म्हणून.

‘पण नावं घेतल्यानं पाणी हलत नाही,’ अण्णांचा तेवढा आक्षेप कायम राहिला.

‘ठाऊक आहे. माणसं हलतात.’

त्यावर ते ‘हं’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ म्हणजे होकार नसे, पण नकारही नसे.

याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. ही कंपनी गोष्टींच्या ध्वनिमालिका काढायची. नट-नट्यांच्या आवाजात, संगीतासकट, फोनवर ऐकायच्या. त्यांचा माणूस ज्ञानेश मुद्दाम नाशिकला आला. कॉलेज रोडच्या एका गारेगार हॉटेलात दोघं भेटली. ज्ञानेश तिशीचा, गोड बोलणारा, आणि मुख्य म्हणजे त्यानं गोष्ट खरंच वाचली होती. निरगुडी जमिनीखाली नावं ऐकते तो भाग वाचताना अंगावर काटा आला, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

‘ताई, हे लाखो लोक ऐकतील. गावागावात. तुमच्या एस.टी.त प्रत्येकाच्या कानात निरगुडी असेल.’

संजनाच्या डोळ्यांपुढं ते चित्र उभं राहिलं, आणि ते तिला फार हवंसं वाटलं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

‘फक्त दोन गोष्टी,’ ज्ञानेश म्हणाला. ‘आधीच्या आवृत्तीत तिच्या खांद्यावर निळी खूण होती. ती का काढलीत? ती हवी. आणि शेवटी असं निघू द्या, की निरगुडी राजाचीच हरवलेली मुलगी आहे. धाकट्या राणीची, दासीनं वस्तीत लपवून वाढवलेली. मग ती गादीवर बसते, आठव्या तळ्यावर तिचं देऊळ उभं राहतं. बघा, सगळं जुळतं.’

‘जुळतं खरं,’ संजना म्हणाली. ‘पण मग पाणी तिचं का ऐकतं?’

‘राजाचं रक्त ना.’

‘म्हणजे राजा खरंच बोलत होता.’

ज्ञानेश समजुतीनं म्हणाला, ‘ताई, लोकांच्या मनात एक साचा असतो. शेकडो वर्षांचा. हरवलेला वारस परत येतो आणि सगळं ठीक होतं. तो साचा आपण मोडायला गेलो तर लोक ऐकायचे थांबतात. परंपरा आहे ती.’

‘परंपरा माझ्याही घरात आहे. माझ्या आईच्या आजीच्या गोष्टीत विहिरीत उतरवलेली पोर रडायची. तुमच्या परंपरेत ती हसत उतरते. दोन्ही जुन्याच आहेत. एक ओट्यावर मोठ्यानं सांगितली गेली, दुसरी चुलीपाशी हळू, एवढाच फरक.’

‘बरं, तिला राजकन्या नको करायला,’ ज्ञानेश पुढं झुकला. तो हुशार होता, कुठं वाकायचं ते त्याला कळत होतं. ‘पण गादीवर तर बसवा. वस्तीतली पोर राणी होते. याहून मोठा बदल कुठला?’

इथं मात्र संजना खरोखर अडली. कारण गोष्टीचा शेवट तिनं अजून लिहिला नव्हता, आणि निरगुडीला गादीवर बसवण्याचा मोह तिला स्वतःलाही कितीदा झाला होता. चांदीचं छत्र, खाली माना घातलेले पाटधनी. कुणाला नको असतं ते?

‘राणी झाली,’ ती सावकाश म्हणाली, ‘की नववं तळं बांधायची वेळ येईल. लोक तिच्याकडं येतील. म्हणतील, रीत आहे, पायात कुणालातरी घालायला हवं. तेव्हा ती काय करेल?’

‘नाही म्हणेल.’

‘ती म्हणेल. तिची मुलगी? तिची नात?’

‘मग गादीचं काय करणार तुम्ही? रिकामी ठेवणार?’

संजनानं तोंड उघडलं तोवर उत्तर तिलाही माहीत नव्हतं. ‘पुरणार,’ ती म्हणाली. ‘पायाला काहीतरी लागतं ना? गादीच घालणार. सिंहासन उचलून आणायचं आणि तळ्याच्या पायात चिणायचं. सगळ्यांच्या देखत, वाजतगाजत.’

बोलून झाल्यावर तिचे कान गरम झाले. वर्षभर जो शेवट हाती लागत नव्हता, तो असा समोरच्या माणसाशी हुज्जत घालताना लागला.

ज्ञानेशनं चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, ‘ताई, हे भारी आहे. पण आमच्याकडं चालणार नाही.’

‘मग राहू दे,’ संजना म्हणाली आणि आणखी एक चहा मागवला. दोघं बोलत बसली, ती एस.टी.तल्या माणसांबद्दल सांगत राहिली आणि तो हसत राहिला. भांडण असं झालंच नाही. निरोप घेताना तो म्हणाला, ‘विचार बदलला तर फोन करा.’ ‘तुमचा बदलला तर तुम्ही करा,’ ती म्हणाली. दोघांनीही केला नाही.

घरी येताना बसमध्ये तिला थोडं रिकामं वाटलं, नाही असं नाही. लाखो कान हातचे गेले होते. पण द्वारकेचा चौक ओलांडेपर्यंत शेवटच्या प्रकरणाची पहिली ओळ सुचली, आणि मग तिला दुसरं काही आठवलं नाही.

शेवट ॲपवर आला तेव्हा वाचणाऱ्यांत दोन तट पडले. काहींनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच जणांनी लिहिलं, फसवलंत. एवढं सगळं सोसून पोरीला मिळालं काय? काही वाचक सोडूनही गेले. निफाडच्या त्या दोन मुलींपैकी एक गाडीत चढली ती फुगूनच. ‘राणी करायला काय जात होतं तुमचं?’ संजनानं तिला शेजारी बसवून घेतलं आणि निफाड ते नाशिक तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवट बदलला नाही.

नाशिकमधल्या एका छोट्या प्रकाशकानं गोष्टीचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर मुकुट नव्हता, माणसाचा चेहरा नव्हता. नुसता दगडी बांध आणि त्याला गेलेली एक बारीक फट. ते अण्णांनी निवडलं होतं. धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी पुस्तकांचे स्टॉल लागतात, पांढऱ्या साड्या-शर्टांची गर्दी लोटते. तिथं प्रकाशकाच्या टेबलामागं अण्णा सकाळपासून उभे होते. संजना दुपारी ड्यूटी संपवून खाकीतच पोचली. कलाबाई खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘माझ्या मुलीचं आहे’ सांगत होती.

शेजारीच नवसाबाई फुलं विकत होती. आडगावकडची माळीण, स्वतःच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू घेऊन आलेली. संजनाच्या गाडीची जुनी प्रवासी. नातीनं तिला सगळी गोष्ट वाचून दाखवली होती. गिऱ्हाईक कमी झालं तशी ती टेबलाशी आली.

‘कंडक्टर बाई, गोष्ट झ्याक हे तुमची. पन मला तर बाई रानीच पायजे व्हती. जन्मात कधी आमच्यासारखीला गादी भेटती का? गोष्टीत तरी भेटू द्यायची.’

संजना उत्तर देणार, तेवढ्यात अण्णा मधे पडले. ‘नवसाबाई, गादी पुरली ते उत्तमच केलं. पण माझा आक्षेप वेगळा आहे. मी हिला हजारदा सांगितलं. गादी पुरल्यावर पाणी वाटणार कोण? सभा कुठंय? नियम कुठंयत? लिखित काही आहे की नाही? राजा गेला म्हणजे राज्य आपोआप चालतं का?’

‘कशाला चालतंय!’ नवसाबाई म्हणाली. ‘आमच्या पाटाला बघा की. राजा ना रानी, तरी वरचे आधी भरून घेत्यात आन् शेवटच्याला थेंब येत नाय.’

‘तेच म्हणतोय मी!’

‘म्हून तर म्हनते, रानी पायजे. दांडा घेऊन उभी ऱ्हायली असती.’

‘दांडा नाही, कायदा!’

दोघांचे आवाज चढले. पुस्तक चाळणारी चार माणसं थांबून ऐकायला लागली. त्यांतला एक जण नवसाबाईच्या बाजूनं बोलला, एक अण्णांच्या. कलाबाईनं दोघांना पाणी देऊ केलं, कुणी घेतलं नाही. संजना टेबलाला टेकून उभी होती. तिच्या मनात केव्हाच संपलेलं सातपाट इथं, झेंडूच्या पाट्यांशेजारी, पुन्हा भांडायला लागलं होतं, आणि या भांडणात तिचं मत कुणी विचारतही नव्हतं. याहून मोठं कौतुक तिनं अपेक्षिलंही नव्हतं.

तिनं नवसाबाईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

‘बाई, जरा नीट सांगा. वरचा माणूस आधी भरून घेतो तेव्हा नक्की काय करतो? दार कोण उघडतं? आणि शेवटचा बोंब मारतो ती कुणाकडं?’

नवसाबाईनं पदर खोचला. ‘बसा,’ ती म्हणाली, ‘लय मोठं हे.’